ठिपक्याखालची वेळ आधी वाचा

गेल्या अंकात गाडीच्या बॅटरीवर लिहिताना मी ट्रॅकरचा, म्हणजे गाडी कुठं आहे ते मोबाईलवर दाखवणाऱ्या डबीचा, जेमतेम दोन ओळींत उल्लेख केला होता. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं त्या दोन ओळींवरच आहेत. निपाणीपासून अथणीपर्यंत आणि इकडे खानापूरच्या जंगलापर्यंत प्रत्येकाच्या मोबाईलवर आता एक ठिपका हलत असतो, आणि त्या ठिपक्यावरून मालक-ड्रायव्हर, बाप-लेक, नवरा-बायको भांडतात. म्हणून हे सगळं पान या वेळी त्यालाच दिलं आहे. बेळगावच्या उद्यमबागेतलं वायरिंगचं वर्कशॉप मूळ माझ्या वडिलांचं. ते गेल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, मी चालवते. ट्रॅकर बसवायला लागून चौदा वर्षं झाली. यात मी एक मोठी चूक केली आहे, तीही खाली सांगितली आहे.

प्रश्न : अक्का, माझा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस घेऊन रात्री आठला कारखान्याच्या यार्डात नंबरला लागला आणि सकाळी सहाला काट्यावर गेला. रात्रभर जागचा हललो नाही असं ड्रायव्हर शपथेवर सांगतो. मोबाईलवर मात्र सात किलोमीटर फिरलेला दिसतोय. नकाशावर ट्रॅक्टर कधी पत्र्याच्या शेडवर, कधी कंपाउंडच्या पलीकडं उसात. डिझेलचे पैसे त्याच्या पगारातून कापू काय? (ऊस वाहतूकदार, निपाणी तालुका)

उत्तर : एक रुपयाही कापू नका. तुमचा ड्रायव्हर खरं बोलतोय.

उपग्रह वरून आपल्या गाडीकडे बघत असतो, असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. जीपीएसचे तीसेक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त आपली वेळ आणि आपली जागा सांगत फिरतात. ट्रॅकर ते ऐकतो. ऐकण्यापलीकडे वर काही पाठवतच नाही. तुमचा ट्रॅक्टर या जगात आहे हे त्या उपग्रहांना ठाऊकही नाही.

समजा, चार बाजूंच्या चार कारखान्यांचे भोंगे बरोबर सहाच्या ठोक्याला वाजतात आणि तुम्ही मधे कुठंतरी फडात उभे आहात. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. पहिला भोंगा सहा सेकंद उशिरा ऐकू आला तर तो कारखाना दोन किलोमीटरवर, दुसरा बारा सेकंदांनी आला तर तो चार किलोमीटरवर. असं जुळवत गेलं की तुम्ही कोणत्या बांधावर उभे आहात ते निघतं. ट्रॅकर हेच करतो, फक्त रेडिओलहरींनी, आणि त्या सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते; पण ट्रॅकरमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक काढायला चौथा लागतो. घड्याळात एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, चुकला तरी जागा तीनशे मीटरनं चुकते.

मोकळ्या आभाळाखाली चांगला ट्रॅकर तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. तुमचं यार्ड मोकळं नाही. एका बाजूला पत्र्याचं शेड, दोन्ही बाजूंना उसानं भरलेल्या ट्रॉल्या, मागं कारखान्याची लोखंडी इमारत. लहर थेट येण्याऐवजी पत्र्यावर आपटून येते, वाट लांबते, आणि तेवढंच अंतर चुकीचं धरलं जातं. म्हणून ट्रॅक्टर जागचा न हलता ठिपका शेडवर जातो, उसात जातो, परत येतो.

आता सात किलोमीटर कुठून आले ते बघा. तुमच्या ट्रॅकरची सेटिंग बहुतेक दर तीस सेकंदांना नोंद करायची असणार. आठ ते सहा म्हणजे दहा तास, म्हणजे बाराशे नोंदी. प्रत्येक नोंदीत ठिपका सहा मीटर इकडंतिकडं उडाला तर बाराशे गुणिले सहा, बहात्तरशे मीटर. झाले सात किलोमीटर! बंद गाडीत ट्रॅकर हे अंतर मोजत नाही, कारण चावी बंद असल्याचं त्याला एका वायरीवरून कळतं. पण तुमच्या ड्रायव्हरनं चावी चालू ठेवली असणार. का, ते तुम्हालाही माहीत आहे. डिसेंबरच्या थंडीत उघड्या ट्रॅक्टरवर दहा तास नंबर धरून बसायचं तर माणूस टेप लावणारच. तेवढा त्याला लावू द्या.

ज्यानं ट्रॅकर बसवला त्याला सांगा, ताशी पाच किलोमीटरच्या आतली हालचाल अंतरात धरू नको. दहा मिनिटांचं काम आहे. आणि ड्रायव्हरला चोर म्हणून बोलला असाल तर ते आजच मागं घ्या. हंगाम अजून बराच आहे.

प्रश्न : कोगनोळी नाका ओलांडून गाडी कागलकडं गेली की कधी कधी ठिपका थांबतो. महाराष्ट्रात वेगळे उपग्रह असतात काय? शिवाय अमेरिकेनं जीपीएस बंद केलं तर आपलं काय? (निवृत्त शिक्षक, निपाणी, मुलाच्या दोन गाड्या आहेत)

उत्तर : सर, उपग्रहाला कोगनोळीही नाही आणि कागलही नाही. थांबतं ते सिमकार्ड. ट्रॅकरला जागा आभाळातून कळते, पण ती तुमच्या मुलाच्या मोबाईलपर्यंत पोचवायला त्याला मोबाईलचाच टॉवर लागतो. हद्द बदलताना स्वस्तातलं सिम एका टॉवरवरून दुसऱ्यावर जायला अडखळतं. ट्रॅकरमध्ये रोमिंग चालू असलेलं सिम टाकून घ्या. प्रवासी गाड्यांना सरकारी मानकाप्रमाणं जो ट्रॅकर लागतो, एआयएस-१४० म्हणतात तो, त्यात एकाच सिममध्ये दोन कंपन्यांची सोय असते. २०१९ सालापासून नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना तो आणि लाल आपत्कालीन बटण सक्तीचं झालं.

दुसरा प्रश्न मोठा आहे. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. म्हणजे तुमची भीती उगाच नाही. म्हणूनच आपल्या इस्रोनं २०१३ ते २०१६ या काळात सात उपग्रह सोडून नाविक ही आपली स्वतःची यंत्रणा उभी केली. जीपीएसपेक्षा ते कितीतरी उंचावर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर, आपल्याच बाजूच्या आभाळात राहतात. त्यांची सूत्रं आपल्याच कर्नाटकात आहेत, बेंगळूरुजवळ ब्यालाळूला आणि हासनला. पण खरं ते सांगायला हवं. पहिल्या पिढीतल्या काही उपग्रहांतली परदेशी बनावटीची अणुघड्याळं बिघडली, आणि घड्याळ बिघडलेला उपग्रह जागा सांगायला निरुपयोगी. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या नव्या उपग्रहात पहिल्यांदा भारतात बनवलेलं अणुघड्याळ बसवलं. जानेवारी २०२५ मध्ये गेलेला त्याचा पुढचा भाऊ ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं. घड्याळाचं हे काम किती नाजूक आहे ते बघा. वेगामुळं थोडं मागं पडून आणि कमी गुरुत्वाकर्षणामुळं त्याहून जास्त पुढं जाऊन, एकूण जीपीएस उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं जातं. ते दुरुस्त केलं नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या वर चूक साठेल.

आजचे चांगले ट्रॅकर अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ आणि आपलं नाविक असे मिळतील ते सगळे ऐकतात. विकत घेताना नाविक चालतं का ते विचारून घ्या.

प्रश्न : माझा एक ट्रक हप्त्यावर आहे. ड्रायव्हर फोन उचलत नाही, कुठंही थांबतो. ट्रॅकर बसवणारा म्हणतो, थोडे जास्त पैसे द्या, मोबाईलवर बटण दाबलं की इंजिन बंद होईल अशी सोय करून देतो. करून घेऊ काय? (ट्रकमालक, संकेश्वर)

उत्तर : चालत्या इंजिनाला हात लावणारी सोय करून घेऊ नका. फुकट दिली तरी नको.

२०१७ च्या जुलैत मी अशीच सोय एका ट्रकला करून दिली होती. मालक आपल्याच भागातला, चांगला माणूस. मी इंजिनाचं डिझेल तोडणाऱ्या सोलेनॉइडच्या वायरीत रिले, म्हणजे हुकमावर वाट तोडणारा विजेचा स्विच, टाकला, मोबाईलवरून बटण दाबून वर्कशॉपच्या दारात इंजिन बंद करून दाखवलं, पैसे घेतले. तिसऱ्या आठवड्यात तो ट्रक उद्यमबागेतून कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, भरून पुण्याकडं निघाला. मालकाचं आणि ड्रायव्हरचं पैशावरून वाजलं होतं, ड्रायव्हर फोन उचलत नव्हता. मालकानं घरी बसून मोबाईल बघितला. ठिपका कणगल्याजवळच्या धाब्यावर उभा. हा जेवत बसलाय, आता गाडी बंद करतो म्हणजे झक मारत फोन करेल, असं म्हणून त्यानं बटण दाबलं.

ठिपक्याखाली बारीक अक्षरांत वेळ असते. ती नऊ मिनिटांपूर्वीची होती. ट्रॅकर कंपनीचा सर्व्हर, म्हणजे ठिपका मोबाईलवर धाडणारा कॉम्प्युटर, मागं पडला होता. ट्रक धाब्यावर नव्हताच. तो पावसात तवंदी घाट निपाणीकडं उतरत होता.

ड्रायव्हरमामा तेव्हा पंचावन्न-छप्पन वर्षांचे असतील. उतारावर इंजिनाचा आवाज एकदम गेला. अशा वेळी नव्वद टक्के माणसांचा पाय आपसूक क्लचवर जातो. मामांनी क्लचला पाय लावला नाही. गाडी तिसऱ्या गियरमध्ये होती, ती तशीच ठेवली. गियर पडलेला असेल तर चाकंच इंजिनाला फिरवत राहतात, आणि स्टिअरिंगचा पंप व ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर हे दोन्ही इंजिनावरच फिरतात. डिझेल नव्हतं, पण इंजिन फिरत होतं. म्हणून स्टिअरिंग हलकं राहिलं, ब्रेकला हवा राहिली. क्लच दाबला असता तर इंजिन थांबलं असतं, स्टिअरिंग दगड झालं असतं आणि ब्रेकसाठी टाकीत उरलेली हवाच काय ती शिल्लक राहिली असती. मामांनी कास्टिंगनं भरलेली ती गाडी डाव्या कडेला घेतली, चाकाखाली दगड लावले आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिले.

मी मेकॅनिकला घेऊन संध्याकाळी पोचले तेव्हा ते तिथंच होते, भिजलेले. मला म्हणाले, "अक्का, तू लावलंस ते काढ." एवढंच. मी टॉर्चच्या उजेडात रिले कापून काढला आणि वायर सोल्डर करून दिली. माझे हात थरथरत होते. त्या दिवाळीपर्यंत मी आधी लावलेले अकराच्या अकरा रिले गावोगाव जाऊन, पैसे न घेता बदलले. मालकाला दोष देणं सोपं आहे, पण बटण त्याच्या हातात मी दिलं होतं.

यातलं काम समजून घ्या. तुम्ही दाबलेलं बटण उपग्रहाकडं जात नाही. मोबाईलवरून कंपनीच्या सर्व्हरला, तिथून टॉवरला, टॉवरवरून ट्रॅकरमधल्या सिमला आणि तिथून रिलेला, असा तो हुकूम जातो. जागा एका वाटेनं येते, हुकूम दुसऱ्या वाटेनं जातो, आणि दोन्ही वाटांवर उशीर होऊ शकतो. जागा शिळी असू शकते. हुकूमही शिळा होऊ शकतो. रात्री पाठवलेला संदेश टॉवर नसल्यामुळं अडकून बसतो आणि सकाळी गाडी रस्त्याला लागल्यावर पोचतो. गाडी लांब आहे, पण आत बसलेला माणूस त्या गाडीइतकाच लांब आहे, आणि त्याच्यासमोर आत्ता काय आहे ते तुम्हाला दिसत नाही.

चोरीची भीती खरी आहे, त्यावर उपाय आहे. रिले फक्त स्टार्टरच्या वायरीत टाकायचा. पाच पायांच्या रिलेत ३० आणि ८७-ए हे दोन पाय वापरायचे, म्हणजे रिलेला करंट नसताना वाट जोडलेली राहते; ट्रॅकर बिघडला तरी गाडी सुरू होते. तुम्ही हुकूम दिलात तर चालू इंजिनाला काहीही होत नाही. गाडी थांबून बंद झाली की पुढच्या वेळी स्टार्ट होत नाही, इतकंच. चोराला तेवढं पुरतं. ट्रकला रिले २४ व्होल्टचाच लागतो, १२ चा टाकला तर जळतो. ट्रॅकरचा कंपनीतून आलेला पासवर्ड, बऱ्याच स्वस्त ट्रॅकरना तो एक ते सहा आकडे ओळीनं असाच असतो, पहिल्याच दिवशी बदला. नाहीतर तुमचा सिम नंबर ज्याला कळेल तो तुमच्या गाडीला हुकूम देईल.

आणि ड्रायव्हर फोन उचलत नाही हे तर चांगलंच आहे. चालवताना त्यानं उचलू नये. दिवसातून दोन ठरलेल्या वेळा लावून घ्या, थांबल्यावर त्यानंच फोन करायचा. हप्त्याचं टेन्शन त्याच्यापाशी बसून बोला, तो ऐकेल.

प्रश्न : आमच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळालाय, मी शिकून सर्टिफिकेट घेतलंय. परवा मळ्यात रिमोटचा संपर्क तुटला. शिकवताना सांगितलं होतं की असं झालं तर ड्रोन आपोआप घरी येतो. तो आला, पण माझ्याकडं नाही, पाटाच्या पलीकडच्या बांधावर, नारळाच्या झावळ्यांना घासून. कुणाच्या घरी जातो तो? आणि सांबऱ्याच्या विमानतळाजवळ मुतग्याला नणंदेच्या शेतात उडवला तर चालेल काय? (बचत गटातील ताई, चिकोडी तालुका)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. 'नमो ड्रोन दीदी' योजनेत देशातल्या १५,००० गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, आणि आपल्या तालुक्यातली एक बाई इतका नेमका प्रश्न विचारते.

ड्रोनचं घर म्हणजे तो जिथून उडाला ती जागा. उडताना तो उपग्रहांवरून ती जागा लक्षात ठेवतो आणि संपर्क तुटला की तिकडंच जातो. तुम्ही पाटाच्या पलीकडून उडवला असणार आणि मग फवारणी बघत चालत अलीकडं आला असणार. तुम्ही हललात हे त्याला कुणी सांगितलंच नाही. जागा बदलायची असेल तर ड्रोन खाली उतरवा, नव्या जागेवरून पुन्हा उडवा. किंवा रिमोटमध्ये नवं घर नोंदवायची सोय असेल तर ती वापरा.

झावळ्यांचं कारण वेगळं. घरी परतताना तो ठरावीक उंचीवरून सरळ रेषेत येतो आणि ती उंची तुम्ही ठरवायची असते. फवारणी पिकावर दोन-तीन मीटरवरून होते, पण परतीची उंची शिवारातल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा आणि विजेच्या तारेपेक्षा वर पाहिजे. नारळ वीस मीटरचा असेल तर तीस मीटर लावा. उडवण्याआधी रिमोटवर उपग्रहांची संख्या दिसते. ती डझनभर होऊन स्थिर होईपर्यंत थांबा. घाईत तीन-चार उपग्रहांवर उडवला तर तो घरच चुकीचं लिहून घेतो. आणि कंपास जुळवताना ट्रॅक्टरपासून, बोअरच्या लोखंडी पाइपापासून लांब उभ्या राहा. ड्रोनला जागा उपग्रहांवरून कळते, पण तोंड कुठं आहे ते कंपासवरून कळतं, आणि लोखंडाशेजारी कंपास खोटं बोलतो.

तुमच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या ड्रोनसोबत तिकाटण्यावर एक डबा उभा करतात तो कशाला, असंही तुम्ही विचारलंय. त्याला बेस म्हणतात. तो एका जागी गप्प उभा राहून उपग्रह ऐकतो. तो हलत नसल्यामुळं त्याला दिसणारी हालचाल ही सगळी चूकच, आणि ती चूक तो क्षणोक्षणी रेडिओनं ड्रोनला सांगतो. ड्रोन त्यात १९ सेंटिमीटरच्या लहरीचा भागसुद्धा मोजतो. मग पाच मीटरची चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते आणि उसाच्या दोन सरींमधला फरक त्याला कळतो.

मुतग्याचं मात्र ऐका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत आणि त्याबाहेर नकाशावर हिरव्या दाखवलेल्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. डिजिटल स्काय या सरकारी साइटवर नकाशा आहे, तिथं शेत बघा. सांबऱ्याला प्रवासी विमानं येतात आणि हवाई दलाचं केंद्रही आहे. नणंदेच्या शेतात त्या दिवशी पंपानंच फवारा.

प्रश्न : चंद्रावर प्रज्ञान रोव्हर चालवला तेव्हा त्याला जीपीएसनं रस्ता दाखवला का? मंगळावर कसं करतात? (आठवीतला विद्यार्थी, येळ्ळूर)

उत्तर : प्रज्ञानला जीपीएस नव्हतं. २३ ऑगस्ट २०२३ रोजी विक्रम उतरला, त्यातून २६ किलो वजनाचा हा सहा चाकी गडी बाहेर आला. सेकंदाला सेंटिमीटरभर असा त्याचा वेग होता. चालायच्या आधी तो दोन कॅमेऱ्यांनी समोरचे फोटो काढायचा. आपल्या दोन डोळ्यांमुळं जसं जवळ-लांब कळतं, तसं त्या दोन फोटोंवरून बेंगळूरुला बसलेली माणसं समोरच्या जमिनीचे चढउतार काढायची, मग वाट ठरवायची आणि हुकूम पाठवायची. एका हुकमात जास्तीत जास्त पाच मीटर. २७ ऑगस्टला तीन मीटर पुढं चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तेव्हा त्याला आल्या वाटेनं परत फिरवलं. एवढं जपून दहाएक दिवसांत तो सुमारे शंभर मीटर चालला. तुझ्या शाळेच्या मैदानाएवढं.

चंद्रापर्यंत हुकूम पोचायला सव्वा सेकंद लागतो. मंगळापर्यंत मंगळ कुठं आहे त्यावर तीन ते बावीस मिनिटं. रोव्हर कड्याच्या टोकावर आहे असं इथं दिसेपर्यंत तो पडूनही गेलेला असेल. म्हणून तिथल्या रोव्हरला "असा जा, असा वळ" असं क्षणाक्षणाला सांगतच नाहीत. कुठं पोचायचं ते सांगतात, आणि दगड-खड्डा बघून वाट त्याची त्यानं काढायची. वरच्या संकेश्वरच्या पत्राचं उत्तर वाच, तवंदी घाटात नऊ मिनिटांनी काय होतं ते तिथं आहे.

एक नवी गोष्टही सांगते, तुला आवडेल. मार्च २०२५ मध्ये नासा आणि इटलीच्या अवकाश संस्थेच्या एका उपकरणानं चंद्रावर उतरून पहिल्यांदाच पृथ्वीभोवतीच्या उपग्रहांचे संकेत ऐकून आपली जागा काढली. ते संकेत पृथ्वीसाठी खाली सोडलेले असतात. पृथ्वीच्या कडेनं जे पुढं निसटतात ते इतक्या लांबवर पोचेपर्यंत अगदी क्षीण होतात. तरी ऐकू आले. राजहंसगडावर रात्री चढलास तर चंद्राकडं बघून हे आठव.

प्रश्न : माझे बाबा रोज पहाटे बेळगावहून भाजी भरून चोर्ल्याच्या घाटातून गोव्याला टेम्पो नेतात. आई ते परत येईपर्यंत झोपत नाही. मालकाच्या मोबाईलवर दिसतं ते आम्हाला घरी बघता येईल का? कधी कधी मालकालाही तासभर गाडी दिसत नाही, मग आई घाबरते. (कॉलेजमधली मुलगी, वडगाव)

उत्तर : बघता येईल. मालक त्याच्या ॲपवरून फक्त त्या टेम्पोपुरती लिंक काढून देऊ शकतो, त्यात हुकूम देता येत नाहीत, नुसतं दिसतं. पण आधी बाबांना विचार. दिवसभर आपल्याला कुणी बघतंय हे माणसाला माहीत असलं पाहिजे, मग ती घरचीच माणसं का असेनात. बहुतेक ते हो म्हणतील.

आता आईला जवळ बसवून ही वाट दाखव. जांबोटीपर्यंत ठिपका नीट हलेल. पुढं जंगल दाट होतं, टॉवर विरळ होतात, कणकुंबीच्या पुढं घाटात बराच वेळ काहीच येणार नाही. तेव्हा टेम्पो हरवलेला नसतो. ट्रॅकर आभाळातून जागा ऐकत असतो, टॉवर नसल्यामुळं ती स्वतःच्या मेमरीत साठवून ठेवतो, आणि टॉवर मिळाला की साठलेली सगळी एकदम सोडून देतो. मग नकाशावर थांबलेली रेघ झरझर वळणं घेत पुढं पळते. ती बाबांनी मघाशी घेतलेली वळणं असतात. पावसाळ्यात हा वेळ थोडा वाढेल, कारण धुक्यात ते हळू चालवतात.

ठिपका थांबला की त्याच्याखालची वेळ बघ, एका वहीत लिही. आठवडाभर लिहिलंस की कणकुंबीला थांबल्यापासून खाली साखळीच्या बाजूला पुन्हा दिसेपर्यंत किती मिनिटं जातात ते आईलाच पाठ होईल. त्या मधल्या वेळात बाबांना फोन लावू नका. लागला तर तो नेमका वळणावर वाजेल.